वॉकीटॉकीवरची मापं आणि समोरच्याची वही

आदरणीय भाऊजी,

पाय प्लास्टरमध्ये असल्याने वाकता येत नाही, तेव्हा हा नमस्कार फक्त मानेपासून वरचा समजावा. तुमचं ब्लडप्रेशर, ताईची कंबर आणि गॅलरीतला तो चिडका पोपट (हल्ली चावतो का?) ठीक असतीलच. इकडे माझं हाड मोडलंय आणि बेकरी मोडायच्या बेतात आहे, एरवी मजेत.

तुम्ही उभी हयात वायरलेस खात्यात घालवलीत, म्हणून हे तुमच्याच कानावर घालतो. मी वर तिसऱ्या मजल्यावर, ही खाली भट्टीपाशी. बिस्किटांची मापं माझ्या डोक्यात, आणि ती हवा बघून रोज बदलावी लागतात. म्हणून तुम्ही दिलेल्या वॉकीटॉकीवरून मी ती हिला सांगतो. (हिचे मोबाइल दोन झाले. एक मैद्यात मळला गेला, दुसरा तर भाजलाही.) तर आठवडाभरात समोरच्या बेकरीत हुबेहूब आमची बिस्किटं, आणि तीही आमच्या आधी अर्धा तास! तो आपल्या यंत्रावर आमचं बोलणं ऐकतोय याची खात्री पटली ती अशी, की मी हिला वॉकीटॉकीवर म्हणालो, माझा बनियन उलटा झालाय, आणि समोरचा खिडकीतून ओरडला, "मग सुलटा करा की!" आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. असंच चाललं तर महिनाअखेर भट्टी विझवावी लागेल.

फोनवर तुम्ही म्हणालात, शब्दांना सांकेतिक भाषेची कुलपं लावत बसू नका, लहरीच त्याच्यापर्यंत धड पोचू देऊ नका. पहिला उपाय, जोर कमी ठेवा. मी कुजबुजू लागलो. जोर यंत्राचा कमी करायचा होता, घशाचा नव्हे, हे नंतर कळलं. तोवर माझी कुजबुज यंत्र पूर्ण ताकदीने रस्त्यापार फेकत होतं आणि भट्टीच्या घरघरीत हिला मात्र काही ऐकू येत नव्हतं. दुसरा उपाय, रस्त्याच्या बाजूला पत्रा लावून लहरी अडवा. हिने भट्टीचे सगळे ट्रे वर आणून माझ्या खिडकीत उभे केले. गुपित त्या दिवशी अगदी सुरक्षित राहिलं, कारण ट्रेच नसल्याने बिस्किटंच झाली नाहीत.

तिसरा उपाय, संदेशात गोंगाट मिसळा, असा की आपल्या माणसाला तो ओळखीचा असल्याने वजा करता येईल, चोराला येणार नाही. आता असा गोंगाट आणायचा कुठून? ही म्हणाली, "आणायचा कशाला? तुम्ही नेहमीसारखं बोला." लागलं मनाला, पण बोललो. ताईच्या लग्नात मिठाचा डबा कसा सांडला, माझी दाढदुखी, चुकलेली बस, आणि मध्येच लोणी किती, साखर किती. चाळीस मिनिटं. हिने वहीत चार ओळी लिहिल्या, चारही बिनचूक! सत्तावीस वर्षांचा सराव. समोरच्याने मात्र सगळंच खरं मानलं आणि मैद्यात डबाभर मीठ आणि लवंगेचं तेल घातलं (ते माझ्या दाढेचं). गिऱ्हाइकं परत आली, काही तर पाणी मागतच आली.

पण भाऊजी, खरं सांगतो, मला वाईट वाटलं. चाळीस मिनिटांत चार ओळी! बाकीचा मी म्हणजे नुसता गोंगाट?

तुमचा,
एका पायावरचा मेव्हणा

ता. क. खरं काम पुढेच आहे. परवा बडबडीच्या ओघात, दाढ आणि बस यांच्या मध्ये कुठेतरी, मी हिला म्हणून गेलो की माझ्यापेक्षा तुझ्या हातची बिस्किटं चांगली होतात. (तीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला हे सोपं नाही.) हिने तेही वजा केलं! वहीत नाहीये, मी काहीतरी निमित्त काढून मागवून पाहिली. समोरच्याच्या वहीत मात्र आहे. काल खिडकीतून विचारत होता, "वहिनींना बरं वाटलं असेल, नाही?" पुन्हा म्हणायचा मला धीर नाही. तेव्हा ताईकरवी, सहज बोलता बोलता, हे तिच्या कानावर घालाच.

आणखी एक ता. क. (अक्षर वेगळं आहे, कारण पत्र पेटीत टाकायला मीच जाते.) भाऊजी, नमस्कार. यांची बडबड वजा करून उरतं ते एवढंच: पाय सुधारतोय, भट्टी चालू आहे, पोपटाचं कळवा. ते वाक्य मी तेव्हाच ऐकलं होतं. वहीत लिहिलं नाही, कारण ती वही भट्टीची आहे. ताईंना एवढ्यात काही सांगू नका. मला ऐकू गेलं नाही असं यांना वाटतंय, तोवर हे पुन्हा एकदा म्हणतील.