पाचपैकी पाच

प्रिय सोइला,

तुझ्या हातांची थरथर थोडी कमी झाली का? शेजारीण खबर देते, पण ती सगळं गोड करून सांगते. आपल्या कायांबे गावात सगळेच तसे.

आज दिवसभर गुलाबांच्या कंपनीत जुने अभिप्रायाचे अर्ज चाळत बसले. माझ्या एकोणीस वर्षांच्या प्रशिक्षणवर्गांचे. जिकडेतिकडे पाचपैकी पाच. एके काळी मी ते मॅनेजरना मिरवून दाखवायचे. आता नुसता शीण येतो. 'बाईंनी नीट शिकवलं का?' 'बाईंचा आवाज ऐकू आला का?' सगळे प्रश्न माझ्याचबद्दल. वर तुमचं नाव, हातात गरम बिस्कोचो बिस्किटं आणि चीज, बाहेर बस हॉर्न देतेय, आणि अर्ज गोळा करायला मीच दारात उभी. चार कोण देणार?

तूही पाचच दिलेस. मार्चमधल्या अर्जावर तुझं गोल अक्षर आहे, 'बाई, तुम्ही फार छान बोलता.' त्यानंतर नवव्या दिवशी तू औषध फवारलेल्या गुलाबांत लवकर शिरलीस. दवाखान्यात माझा हात धरून म्हणालीस, "आत जायच्या आधी थांबायचे ते चार तास फवारणी सुरू झाल्यापासून मोजायचे की संपल्यापासून, तेच मला कळलं नव्हतं, बाई." मग लिहिलं का नाहीस, विचारलं तर हसलीस. "अहो, लिहायला जागा कुठे होती? आणि तुमचे मार्क कापून मला घास गोड लागला असता का?"

लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर बेर्नार्दा शनिवारी कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या. काय कळलं नाही तेवढंच लिहा, नाव नको, एवढं सांगून स्वतः बागेत निघून जायच्या. त्या बागेत का जात, हे मला आता एकसष्टाव्या वर्षी कळतंय.

सोबत नवा अर्ज पाठवतेय. त्यावर नाव नाही, माझ्याबद्दल एकही प्रश्न नाही. पहिलाच प्रश्न असा: फवारणी सकाळी सहाला सुरू झाली, नऊला संपली, चार तास थांबायचंय, तर आत किती वाजता जाल? एक जरी उत्तर चुकलं तरी सगळ्यांना पुन्हा शिकवीन. खाली पाच रिकाम्या ओळी आहेत. अर्ज पेटीत पडेपर्यंत मी बाहेर. बिस्कोचो दुसऱ्या दिवशी.

सोमवारी नव्या मुलींची तुकडी येतेय. यादीत तुझ्या मिर्ताचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. तू काही बोलली नाहीस, तिला इथे का पाठवतेस, हे मीही विचारणार नाही. पण ती तुझीच लेक, माझं मन मोडणार नाही. म्हणून तिच्याआधी हा अर्ज तू वाच. जिथे तू गप्प बसली असतीस, तिथे खूण कर आणि रविवारच्या आत परत पाठव. मला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस. वाटू दे.

तुझीच,
एउलालिया बाई