डोळे मिटून घेतलेली परीक्षा

प्रिय मावशी,

तुझ्या पायांना इथूनच हात लावतो. पत्र लिहायचं रोज उद्यावर टाकत होतो, हे कबूल. आधी वेळ नव्हता, मग वेळ होता तर तोंड दाखवायची लाज वाटली (तुला तोंड दाखवायची लाज, म्हणजे माझी कमालच). गुडघा कसा आहे? तुला पत्र वाचून दाखवणारं यंत्र माझे कंस आले की "कंस सुरू, कंस बंद" असं ठणकावणार, ठाऊक आहे. पण कंसाशिवाय मला विचारच करता येत नाही, सोसून घे.

तर मी नोकरीला लागलोय. हसू नकोस. रंगाऱ्याच्या हाताखालचं काम सुटलं, मालट्रकवरचं सुटलं (ड्रायव्हर गायचा छान, पण वळणावर डोळे मिटून गायचा), आणि फिरत फिरत दोन खोल्यांच्या एका कंपनीत येऊन पडलो. इथे सॉफ्टवेअर बनतं. कुठलं, ते ऐकण्याआधी खुर्ची घट्ट धर. तुमच्या ऑफिसात फोनवरच्या तक्रारी नोंदवायला जे नवीन येणार आहे, तेच. सोमवारी आमचे साहेब ते घेऊन येतील आणि तुला त्याच्यापुढे बसवतील. तुला एक तक्रार नोंदवता आली नाही, तर तुमचे मोठे साहेब तुझा फोन काढून घेऊन तुला मागच्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसवणार. हे आमच्या साहेबांनी जेवताना सहज सांगितलं. तू माझी मावशी, हे त्यांना माहीत नाही.

"अंध माणसाला चालतंय का, जरा बघून सांग," असं त्यांनी मला फर्मावलं होतं (बघून!). मी डोळ्यांना टॉवेल बांधला, माउस धरला आणि तक्रार नोंदवून मोकळा झालो. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे चहा ढवळताना डोक्यात आलं, की मावशीला माउस धरलेला मी कधी पाहिलाच नाही. होता एक, तो तू शेजारच्या मांजराला खेळायला दिलास. कुठे काय आहे ते मला पाठ होतं म्हणून जमलं. न पाहिलेलं तू कसं पाठ करणार?

मग कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, तुझ्याकडे आहे तसं वाचणारं यंत्र लावलं आणि नुसत्या कीबोर्डवर निघालो. यंत्र म्हणालं, "बटण." पुढे गेलो. "बटण." आणखी पुढे. "बटण." कुठलं नोंद ठेवतं, कुठलं पुसतं, कोणालाच नाव नाही. भीतभीत एक दाबलं तर तारखांचं कॅलेंडर उघडलं, आणि त्यातून बाहेर पडायला वाटच नाही! त्याच त्याच तारखांवरून गोल फिरतोय, घामाने बोटं घसरतायत, तेवढ्यात कानात साहेबांच्या बायकोचा आवाज. अंधांची सोय म्हणून साहेबांनी वहिनींच्या गोड आवाजात सूचना भरून ठेवल्यात. आता यंत्रही बोलतंय, वहिनीही बोलतायत, माघार कोणीच घेत नाही. आणि सोमवारी याच गोंधळात तुझ्या दुसऱ्या कानाशी नळाला पाणी नसलेला माणूस ओरडत असणार.

मी साहेबांना म्हटलं, वहिनींना आधी गप्प करा.

"ते मला घरी जमलं नाही, तू इथे सांगतोस?"

बाकी त्यांचं एकच पालुपद. "तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पास केलंय, आणि सोमवारी मी त्या बाईंच्या शेजारी उभा राहून हात धरून करवून घेईन." मी विचारलं, मंगळवारी कोण उभं राहणार? तर ते चार्जर शोधायला निघून गेले.

तब्येतीला जप. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला भाचा

ता.क. – गुडघ्याचं नंतर बघू. खरं मागणं हे, की सोमवारी "जमतंय हं" म्हणू नकोस! तुझी ती खोडच आहे. नको त्या रस्त्यापलीकडे ओढत नेऊन सोडणाऱ्याचेही तू आभार मानतेस. कोणी हात धरला तर सोडवून घे. अडलं तर "मला येत नाही" म्हणायचं नाही, "याला येत नाही" म्हणायचं. तेही मोठ्याने, तुमच्या मोठ्या साहेबांना ऐकू जाईल असं.

ता.क. दुसरा – आमच्या कंपनीच्या जिन्यात काठी वाजतेय. ही टकटक मी झोपेतही ओळखेन. मावशी, तू इथे कशी? सोमवारच्या आधी एकदा बघून घेते, असं साहेबांना सांगतेयस वाटतं. त्यांनी तुला खुर्ची दिली. शेजारी उभे राहिले. तुझा हात उचलून माउसवर ठेवला, आणि तू हसलीस. तेच ते "जमतंय हं"वालं हसू. पत्र राहू दे, मीच ओरडत येतो.