थोरलीचे शॉक ॲब्सॉर्बर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

तुम्हाला वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ आली. ती का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून धरतो का? इकडे सगळे ठणठणीत आहोत. म्हणजे मामंजी ठणठणीत आहेत, मी कंबर सोडून ठणठणीत आहे, आणि तुमचे बंधू दोन्ही कोपरं, एक नडगी आणि पोटावरचा ओरखडा वगळता ठणठणीत आहेत.

रविवारी तुम्ही स्वयंपाक करून फाटकाशी वाट बघत उभ्या राहिलात आणि आम्ही काही आलो नाही, याची मला फार लाज वाटते. "गाडीचं किरकोळ काम निघालं," असं यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. वन्सं, घराला आग लागल्यावर कुणी "जरा उकडतंय" म्हणावं, तितपतच ते किरकोळ होतं. मला तेव्हा खरं बोलता आलं नाही, कारण हे शेजारीच उभे होते आणि यांच्या हातात पाना होता. म्हणून हे पत्र.

थोरलीचे लाड मी तुम्हाला काय सांगायचे? मामंजींनी ती गाडी घेतली तेव्हा तुमचासुद्धा जन्म व्हायचा होता, त्यामुळे या घरात थोरली तीच, तुम्ही मधल्या आणि हे शेंडेफळ. या शेंडेफळाच्या हाताखाली ऑफिसात आज पन्नास माणसं आहेत, केस पिकलेत, पण थोरलीच्या बाबतीत यांचा अधिकार तिला धुण्यापुरता. (पुसायची मामंजींनी स्वतः, कारण यांच्या पुसण्याने म्हणे ओरखडे पडतात.) पण या वर्षी डॉक्टरांनी मामंजींचे डोळे तपासले आणि गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. तेव्हा आठवडाभर अबोला धरून (डॉक्टरांशी नव्हे, आमच्याशी) अखेर त्यांनी तुमच्याकडे येण्यापुरती किल्ली यांच्या हातात ठेवली. ठेवली म्हणजे काय, बोटं सोडवून घ्यावी लागली.

सरावासाठी म्हणून आम्ही तिघं गावात एक चक्कर मारायला निघालो. हे स्टिअरिंगवर, मामंजी शेजारी, मी मागे. थोरलीचं आता असं झालंय की खड्डा मागे राहतो आणि ती पुढच्या चौकापर्यंत नमस्कार घालत जाते. लोक ओळख नसताना उलट नमस्कार करतात. पोस्टासमोरच्या गतिरोधकावर तर ती अशी उसळली, की मामंजींची कवळी तोंडातून निसटून मांडीवर पडली. मामंजींनी ती शांतपणे उचलली, रुमालात गुंडाळली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. (कवळी नसल्यामुळे असेल असं मला वाटलं होतं.) घरी आल्यावर ती धुतली, बसवली आणि म्हणाले, "दोष गाडीचा नाही. चालवणाऱ्याचा आहे."

हे म्हणाले, "बाबा, शॉक ॲब्सॉर्बर गेलेत."

"माझ्या हातात असताना गेले नव्हते."

झालं. त्या क्षणी यांनी ठरवलं, की शॉक ॲब्सॉर्बर बदलून दाखवायचे. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. चाकापाशी हातपंपासारखं एकेक नळकांडं असतं. स्प्रिंग गाडीला उडवत राहते आणि हे नळकांडं तिला "पुरे आता" म्हणतं. (आपल्या घरात हे काम माझ्याकडे आहे. मला कुणी बदलायला निघालं नाही, एवढंच.) गॅरेजवाला येऊन बघून गेला. गाडी पंधरा दिवस माझ्याकडे सोडा म्हणाला. मामंजी म्हणाले, थोरली परक्याच्या दारात रात्र काढणार नाही. तेव्हा यांनी ऑफिसातून रजा काढली. मोबाइलवर कुणातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ बघितले. तो माणूस दहा मिनिटांत चारही बदलून हात झटकतो, तेही पांढऱ्या शर्टात. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराकडून चार नळकांडी पार्सलने आली आणि जेवणाच्या टेबलावर विराजमान झाली. त्यांना धूळ लागू नये म्हणून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मग नट. वन्सं, तो नट इतकी वर्षं त्या बोल्टाला धरून होता, की त्यांना वेगळं करणं हे पापच होतं. यांनी तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, गोड बोलून पाहिलं. शेवटी पान्याला लोखंडी पाइप जोडून त्याला लोंबकळले. नट सुटला नाही, पाइप सुटला. हे माझ्या कुंड्यांवर पडले. कुंड्यांबद्दल मी काही बोलले नाही. (आता बोलते. चार फुटल्या.)

पुढे तेल मुरल्यावर नट सुटला आणि हळूहळू तीन चाकं झाली. आता रविवारची गोष्ट. सकाळी तुमच्याकडे निघायचं, म्हणून शनिवारी दुपारी हे शेवटच्या चाकाला भिडले. चाक काढलेलं, गाडी जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यावर, आणि हे उताणे खाली. एक शहाणपण मात्र यांनी केलं होतं, स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवली होती. मामंजी रोज जेवणानंतर थोरलीत बसून पेपर वाचतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गाडी चालू असो, बंद असो, तिला चाकं असोत वा नसोत, मामंजींचा नेम चुकत नाही. ते पलीकडच्या दाराने चढले, बसले आणि पेपर झटकून उघडला. ठोकळा सरकला. जॅक आडवा झाला. थोरली अगदी सावकाश, म्हातारी माणसं बसतात तशी, खाली बसली.

मी धावत आले तेव्हा गाडीखालून दोन पाय दिसत होते आणि वर मामंजींचा पेपर. खालून आवाज आला, "मी बरा आहे. पोट अडकलंय." (स्टेपनीने गाडी तोलून धरली होती. यांनी श्वास सोडला की जागा व्हायची, घेतला की नाही.) मग दुसरं वाक्य आलं, "बाबा, उतरू नका. हलूसुद्धा नका."

मी जॅक ओढून घेतला आणि मातीत गुडघे टेकून दांडा फिरवायला लागले. कंबर तिथे गेली. आणि मी हे सगळं करत असताना, वन्सं, ते दोघं बोलत होते. एक वर, एक खाली, मध्ये गाडीचा पत्रा. तोंडं दिसत नव्हती म्हणूनच बोलू शकले असावेत, कारण समोरासमोर त्यांचं संभाषण "जेवलास?" "हो" याच्यापुढे गेलेलं मी पाहिलं नाही.

मामंजी म्हणाले, "दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडं."

बराच वेळ पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग मामंजी म्हणाले, "शॉक ॲब्सॉर्बर केव्हाचेच गेलेत. गॅरेजवाल्याने मला सांगितलं होतं. तुझ्या आईला तो झोका आवडायचा. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं म्हणायची. म्हणून राहू दिले."

खालून पाना निसटून पडल्याचा आवाज आला. मला वाटलं श्वास संपला. मग हे म्हणाले, "म्हणजे दोष माझा नव्हता."

"मी असं म्हणालोच नव्हतो," मामंजी म्हणाले.

"म्हणाला होतात."

"तेव्हा कवळी नव्हती. तुला नीट ऐकू आलं नसेल."

यांना हसू आलं, आणि हसताना पोट फुगलं, आणि मग जे ओरडले ते शेजारच्यांनी ऐकलं. मी दांडा फिरवतच राहिले. अखेर थोरली उचलली गेली, हे सरपटत बाहेर आले. मामंजी खाली उतरले आणि यांच्या अंगावरची माती झटकायला लागले. बराच वेळ झटकत होते. माती एवढी नव्हती.

चौथा शॉक ॲब्सॉर्बर दोघांनी मिळून बसवला. तोवर रविवारची दुपार उलटली होती आणि तुमचा स्वयंपाक निवला होता. संध्याकाळी आम्ही पुन्हा पोस्टाकडे निघालो. गतिरोधक दिसताच मामंजींनी कवळी काढून खिशात ठेवली. थोरली एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि गप्प झाली. हे आरशातून माझ्याकडे बघत होते, शेजारी बघायचा धीर होईना. मामंजींनी कवळी बसवली आणि म्हणाले, "वळव. पुन्हा एकदा." तीनदा वळवून झाल्यावर त्यांनी गाडी पोस्टाच्या दाराशी थांबवायला लावली. रविवार असूनही साठलेलं काम उरकून पोस्टमास्तर कुलूप लावत होते. मामंजींनी काच खाली करून त्यांना सांगितलं, "चारही याने बसवले. माझ्या मुलाने." त्या बिचाऱ्यांना चार काय ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. हे समोरचा रिकामा रस्ता इतक्या लक्षपूर्वक बघत होते, की मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

असं झालं. म्हणून आलो नाही. माफ कराल ही खात्री आहे. मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. : जुने चार शॉक ॲब्सॉर्बर यांनी फेकलेले नाहीत. घासूनपुसून माझ्या उरलेल्या कुंड्यांच्या शेजारी ओळीने उभे केलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

ता. क. २ : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. यश यांच्या डोक्यात गेलंय. काल थोरलीखाली वाकून "गिअरबॉक्सही एकदा उघडून बघायला हवा" असं म्हणाले आणि तेव्हापासून मोबाइलवर तो पांढऱ्या शर्टातला माणूस परत आलाय. तुमच्याकडे काही मोडलेलं असेल तर भावाला ताबडतोब दुरुस्तीला बोलवा. नसेल तर मोडा. लहानसंच काहीतरी. हे मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. मामंजींनाही यातलं काही ठाऊक नाही.

(खालचा मजकूर मामंजींच्या अक्षरात.)

चि. मधलीस आशीर्वाद. पत्र पोस्टात टाकायला मजजवळ दिलं होतं, ते वाचलं. लहानसं मोडू नकोस, तो संध्याकाळी परत येईल. पाण्याचा पंप मोड. आणि तो दुरुस्त झाला तर तूच त्याला शाबासकी दे. मी एकदा दिली, पुन्हा इतक्यात जमेलसं वाटत नाही.