तलावाच्या पाळीतला माझा बोगदा

प्रिय राजदीप,

सावलीहून सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती विचारत नाही. आमची स्वाती तुला फोन करून ताटावर बसली की ती सविस्तर कळते. (माझे गुडघे दुखतात, हे मात्र तिला अजून ठाऊक नाही.) तुझ्या समुद्राखालच्या बोगद्यावरच्या नोकरीचे तिला आलेले पत्र माझ्या होकारासाठी चार दिवस कपाटावर पडून आहे.

शाळेत तू माझ्या वहीतून संस्कृत उतरवायचास. आज माझीच मुलगी, जिला मी समास शिकवले, जेवताना तुझा चिखल समजावते: बोगदा खणणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी तो दाबून भरायचा, दाब कमी पडला तर समुद्र आत, जास्त झाला तर चिखल समुद्राचा तळ फोडून वर. (मी म्हटले, संसारही असाच. कोणी हसले नाही.)

तेव्हा आपणही एक बोगदा करावा, असे मनात आले. मच्छीमार सोसायटीच्या मनसारामभाऊंना तलावाच्या मातीच्या पाळीतून मत्स्यबीजाच्या खड्ड्यात पाणी न्यायचे होते. उन्हाळ्यात तलाव आटला की पाळ खोदायची, ही त्यांची रीत. मी म्हटले, भरल्या तलावातच करू. राजदीप तर समुद्राखाली करतो! लोखंडी पाइप ठोकत ठोकत आरपार घातला. मी जमलेल्यांना दोन शब्द सांगायला उभा राहिलो. तिसऱ्या शब्दाला पाइपाच्या कडेने पाणी आले.

"थोडं झिरपणारच," मी म्हणालो.

मनसारामभाऊंनी ओंजळ धरली. "गुरुजी, नितळ असतं त चाललं असतं. हे गढूळ हाये. पाळीची माती आतून वाहून राह्यली. सरका!" आणि तलावात उडी घेऊन त्यांनी पाण्याच्या बाजूचे भोक चाचपले, त्यात भाताचे तणीस आणि चिखल भरलेले पोते कोंबले.

स्वाती धावत आली. "भाऊ, बाहेरून काऊन नाई बुजवलं?"

"बाहेरून लावलं त पाणी ढकलून देते, बाई. आतून लावलं त पाणीच दाबून धरते."

"अगदी! राजदीपकाका बी हेच सांगतेत!"

पाळ मी फोडली, बुजवली मनसारामभाऊंनी, आणि शाबासकी तुला.

म्हणून स्पष्ट लिहितो: जागा भरली, असे तिला कळव. तू घरात काका आहेस तेवढे पुरे. आता तिचा साहेब होऊ नकोस.

तुझा
वामन

ता. क. तसे काही कळवू नकोस. हे पत्र पाकिटात घालायच्या आतच स्वाती निघाली. नागपूरच्या गाडीत मीच बसवून आलो. (होकार मी दिला. तो तू मिळवलास, असे ती सांगेल.)

आणखी एक. आग लागली तर शेजारच्या बोगद्यात जायची दारे अडीचशे मीटरवर असतात म्हणे. शाळेच्या मैदानावर तेवढे अंतर मोजून मी धावून पाहिले. फार आहे रे. तिला दाराजवळचे काम दे.