ठमीला बिब्बा लावू नकोस

नागाव, माघ, शके १८५६

प्रिय कमळ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीच्या, ठमीच्या, डोक्यावर रुपयाएवढे टक्कल पडले असून येत्या रविवारी माझ्या जुन्या कृतीप्रमाणे तिला बिब्ब्याचे तेल लावणार, असे तू लिहितेस. लावू नकोस. कारणे मागून वाच. नामा तांडेल हे पत्र आगरदांड्याला तुझ्याच हाती देईल.

आता निदान. तापानंतर वा बाळंतपणानंतर केस सगळीकडून विरळ होतात आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत परततात. पुरुषांचे कपाळ मागे सरते ते वंशाचे देणे. त्यावर मजजवळ औषध नाही, माझेच डोके साक्षीला आहे. नायट्यात कोंडा सुटतो, केस तुटतात, भावंडांना लागण होते; तेथे फणी वेगळी ठेवून डॉक्टर गाठावा. ठमीची कातडी गुळगुळीत आहे, खाज नाही; अर्थात ही चाई, म्हणजे केस चकतीने गळण्याचा विकार. चाईचे केस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप येतात, आधी पांढरी लव दिसते.

मग तुला मी बिब्बा का लावला, असे तू विचारशील. तू नऊ वर्षांची होतीस, कानाच्या वर अशीच चाई पडली होती. बुधाजी कोळ्याच्या दाढीतली चाई बिब्ब्याने भरून आली होती, असा माझा सिद्धान्त. तुझी आई म्हणाली, “औषध तुमचं, पण कातडी पोरीची आहे हो!” मी तिला हेतू आणि दृष्टान्त ऐकवून गप्प केले. तू किंचाळलीस, फोड आले; मी म्हटले, गुण येतो आहे.

पुढच्या वर्षी बुधाजीला दुसऱ्या गालावर चाई झाली. हंगामभर तो समुद्रावर होता. परतल्यावर ओसरीवर येऊन हसला, “बुवा, या खेपेला काय लावलाच न्हाय, तरी बघा, दाढी हाय!” कावळा बसला आणि फांदी मोडली, त्याला मी कार्यकारणभाव मानले होते.

कमळ, तुझ्या कानावरची जागा बावीस वर्षे उघडी आहे ती चाईने नव्हे. कातडी जळून वण पडला, केसांची मुळेच मेली. ते मी केले. बुधाजी हसला त्या दिवसापासून हे मला ठाऊक आहे. तू मात्र सासरी सांगत आलीस की आप्पांनी बाकीचे केस वाचवले, आणि मी ते सांगू दिले. त्याच विश्वासाने तू आता ठमीला पुढ्यात बसवणार आहेस. रागाव, वाटल्यास पुन्हा कधी लिहू नकोस. पण बिब्बा फेकलास एवढा निरोप नाम्याजवळ दे. तो ऐकल्यावाचून परतणार नाही, असे मी त्याला बजावले आहे.

तुझाच,
आप्पा