भावाचा भाऊ

१८ नोव्हेंबर १९६३, पुसद

मोडलं! बहिणीचं, जमनीचं, लग्न मोडल्यात जमा. दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावर सुपारी फुटली आणि आज बा बाजाराच्या निमित्तानं इथं आला, ओट्यावर बसला, पाणीही न पिता सांगून गेला. म्हाताऱ्यांनी खोड काढली आहे. नवरदेव नेमसिंगचा बाप गुलाबसिंग आणि आमचा बा बाबूसिंग हे भाऊ लागतात म्हणे! भावाभावाच्या लेकरांचं लग्न कसं लावणार?

कुठले भाऊ! गोत वेगळं, तांडा वेगळा. मधे दुवा एकच — हिरासिंगकाका, आणि तोही मरून गेला. जवानीत कापसाच्या गाड्या हाकायचा. वाटेत दोघांनी एका लोट्यातलं पाणी पिलं की ते धरमभाऊ झाले, सख्ख्यापेक्षा पक्के, ही आमच्याकडची रीत. काकानं बासोबत लोटा पिला. पुढं गुलाबसिंगसोबतही पिला. म्हणून बा आणि गुलाबसिंग भाऊ! म्हातारे म्हणतात, भावाचा भाऊ तो भाऊच.

डोकं फिरलं माझं. जमनीले नेमसिंग पसंत आहे. ती बोलत नाही, पण त्याचं नाव निघालं की तव्यावरची भाकर करपते.

२४ नोव्हेंबर

गणिताच्या एम.ए.साठी नागपूरहून आणलेलं पुस्तक उघडलं. पहिलाच धडा — संबंध. तीन गुण तपासायचे. प्रत्येकाचा स्वतःशी संबंध आहे का — असेल तर परावर्ती. याचा त्याच्याशी, तर त्याचाही याच्याशी — सममित. याचा त्याच्याशी, त्याचा तिसऱ्याशी, म्हणून याचाही तिसऱ्याशी — संक्रामक. 'मोठा असणं' संक्रामक आहे. 'शेजारी असणं' नाही. माझ्या शेजाऱ्याचा शेजारी माझ्या भिंतीले लागून राहत नाही. लोट्याचं भाऊपण असंच. दोघांचं. तिसऱ्यानं पाणी पिलंच कुठं? सापडलं!

हिरासिंगकाकाची फार आठवण येऊन राह्यली. मले बाच्या घरात त्यानंच आणलं. माझा बाप रूपसिंग त्याच्यासोबत गाड्या हाकायचा. उमरखेडच्या वाटेवर पटकीनं गेला. आई त्याच्या आधीच गेली होती. काका सडाफटिंग, तो पोर कुठं सांभाळणार? खांद्यावर टाकून मले बाबूसिंगच्या दारात उतरवलं. मानीबाईनं — तीच आता माझी याडी, माझी माय — विचारलं म्हणतात, हा आपला कोण? बा म्हणाला, 'हिरानं रूपसिंगसंग पाणी पिलं हाये. भावाचा भाऊ तो भाऊ. त्याचं पोरगं ते आपलं पोरगं.' पुढं जमनी झाली, माझ्याच मांडीवर वाढली. मले दुसरं घर माहीत नाही.

८ डिसेंबर

तांड्यावर गेलतो. जमनीले म्हटलं, घाबरू नको, पंचायतीत मीच बोलतो, असं गणित मांडतो की म्हाताऱ्यांची बोलती बंद! भाकर थापता थापता ती म्हणाली, राहू दे भाऊ. काहून? — राहू दे म्हनलं न. लाजते! याडीही नुसती चुलीत लाकूड सारत राह्यली. बायकांना पंचायतीचं भ्या.

मग जमनीनंच विषय बदलला. आमच्यात नवरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून गाते, आणि कासरा भावाच्या हातात असतो. मले चिडवू लागली — मास्तर, खडू धरता येते तुले, कासरा येते का? सुटला तर मी तोंडावर पडीन. हसत होती, पण डोळ्यांत पाणी. चूल धुपत होती म्हणून मी काही विचारलं नाही.

१२ जानेवारी १९६४

निवाडा कोण करणार हेच ठरेना. बसल्या बसल्या आकृती काढली — मोठा माणूस वर, लहान खाली, मधे रेघ. आमच्यावर आमच्या तांड्याचा मुखिया, नायक धरमसिंग. त्यांच्यावर त्यांचा नायक. दोघांत लहान-मोठा कोणी नाही. दोघांच्याही वर दोन म्हातारे — एक महागावकडचा, एक ढाणकीकडचा. आणि त्या दोघांत मोठा कोण? ते तर एकमेकाचं तोंड पाहत नाहीत! पुस्तकात याले अंशतः क्रम म्हणतात. कोणाचीही कोणाशी तुलना होईलच असं नाही.

पुढचा धडा जालकाचा. कोणतेही दोघं घ्या — दोघांच्या वर, सगळ्यांत जवळचा असा एकच सापडला पाहिजे. खालीही तसाच एक. तर ते जालक. आमच्या दोन नायकांच्या वर दोन म्हातारे, आणि दोघांतला एकही जवळचा म्हणता येत नाही. आमचं जालक नाही! पुस्तकात ही आकृती दोन ओळींत निकालात काढली आहे. इथं पोरगी लटकून राह्यली त्याचं काय?

३ फेब्रुवारी

दोन्ही म्हातारे एका जागी बसायले कबूल झाले. होळीच्या आधी. देव पावला!

२३ फेब्रुवारी

जिंकलो!

लिंबाखाली दोन्ही तांडे बसले. मी उभा राह्यलो. विचारलं, बाबूसिंगनं गुलाबसिंगसंग लोटा पिला, हे कोणी पाहिलं? पाहणारा एकही निघाला नाही. शेजाऱ्याचं उदाहरण दिलं तर ढाणकीचा म्हातारा मान डोलवू लागला, महागाववालाही. आमचे धरमसिंग नायक मात्र माझ्याकडं टक लावून होते.

'म्हंजे भावाचा भाऊ, भाऊ नाही?'

'नाही, नायक.'

'नीट विचार कर, मास्तर. सगळ्यांसमोर बोलून राह्यला तू.'

मी म्हटलं, हे गणित आहे, दहादा विचारलं तरी उत्तर तेच येईल. माझ्या आवाजात जरा जास्तच तोरा होता. बानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, परत डोक्यावर घातलं. मले वाटलं, लेक सुटली म्हणून त्याले भरून आलं.

रीत ठरली. लोट्याचं भाऊपण पिणाऱ्या दोघांपुरतं आणि त्यांच्या लेकरांपुरतं, त्याच्या पुढं नाही. जमनीचं लग्न लागणार!

२५ फेब्रुवारी

घरमालक जफरभाईले पेढा दिला. त्याचं सायकलीचं दुकान खालीच आहे. चाक फिरवता फिरवता त्यानं सगळी हकीकत ऐकली. पेढा हातातच. मग म्हणाला, 'फिर आप बाबूसिंग के कौन हुए, मास्टर?'

मी हसलो. जिना चढता चढता हसू गेलं. दुपारी वर्गात साधी बेरीज चुकून राह्यलो.

१ मार्च

नाही. असं कोणी करणार नाही. घरचीच माणसं आहेत.

२२ मार्च

नायकानं बोलावलं. रागावला असता तर बरं झालं असतं. मायेनं बोलला. कासरा बाच्या चुलतभावाचा पोरगा धरणार. मी नाही.

'तुयाच तोंडानं रीत बांधली, बापू. आता तुले भाऊ म्हनून उभं केलं, तर ते म्हनतीन मंग गुलाबसिंगही भाऊच. लगन पुन्हा मोडते.'

बरोबर आहे! एक पायरी चुकलेली नाही. हिरासिंगकाकाच्या अलीकडं बा, पलीकडं गुलाबसिंग — तो दुवा मी तोडला. काकाच्या पलीकडंच माझा बापही उभा आहे, हे मले दिसलं नाही. बापाचं नाव मी स्वतः लिहिलं वर, शेजाऱ्याचं गणित सापडलं त्याच दिवशी, त्याच पानावर! लग्न पाहिजे तर मी भाऊ नाही. मी भाऊ पाहिजे तर लग्न नाही. दोन्ही एका मांडवात बसत नाहीत.

जमनीले तेव्हाच कळलं होतं. म्हणून राहू दे म्हणाली. याडीले कळलं होतं. बालेही. पोरीसाठी त्यानं दात आवळून ऐकून घेतलं, आणि मी तोऱ्यात होतो. थूत् माझ्या शहाणपणावर!

३० एप्रिल

लग्न झालं. मी पाहुण्यांच्या पंगतीत जेवलो.

निघायच्या वेळी जमनी रीतीप्रमाणं एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायली. ढावलो म्हणतात त्या गाण्याले. बाच्या गळ्यात, याडीच्या, त्या चुलत पोराच्या. मग माझ्यासमोर येऊन थांबली. म्हाताऱ्यांकडं पाहिलं. मले ओलांडून पुढं सरकली.

त्या पोराले कासरा धरता येत नव्हता. बैल बुजला. मी धावलो नाही — कोणत्या नात्यानं धावू? ती पडली नाही, एवढंच.

१४ जुलै

पेपरात जालकावर प्रश्न आलता. सोडवला. पास होईन.

बा ओट्यावर येऊन बसला होता. घरी काहून येत नाही, विचारलं. म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत. त्यानं याडीनं दिलेल्या भाकरी खुंटीले टांगल्या आणि गेला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी पोरासारखा रडलो.

घरादाराची आकृती काढून पाहिली. सगळ्यांच्या ठिपक्यांना रेघा आहेत. माझ्या ठिपक्याले एकही नाही. परावर्ती तेवढा उरलो. मी माझा.

२ नोव्हेंबर

पहिल्या दिवाळीले जमनीले आणायचं होतं. बा तापानं पडलेला. याडी म्हणाली, तू जा. गेलो.

गुलाबसिंगनं ओसरीवर घोंगडी टाकली, अदबीनं विचारलं, कोण म्हणून नेता? तेवढ्यात जमनी पाणी घेऊन बाहेर आली.

'मी नको म्हनलं होतं न तुले. मले नवरा दुसराबी भेटला असता. भाऊ कुठून आनू?'

मी अर्धा लोटा पिलो. तिनं माझ्या हातातून घेतला आणि उरलेला पिला — सासऱ्यासमोर, उभ्यानं. आजवर हे कोण्या बाईनं केलं नव्हतं.

आता मधे कोणी नाही.