जरा वाढवलेला वेग

प्रिय ताई,

परवा आमच्या प्रयोगशाळेत डोळ्यांवरचा हेडसेट काढून ठेवलास, पिल्लाला कडेवर घेतलंस आणि चहालाही न थांबता निघून गेलीस. तेव्हाच ओळखलं, तुझं काहीतरी बिनसलंय. फोन केला असता तर तू लगेच विषय बदलला असतास, म्हणून लिहिते. पत्र वाचताना मला मध्येच तोडता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

तिथे सध्या मजा चाललीय. रिकाम्या खोलीत डोळ्यांवर हेडसेट चढवलेल्या मुली हवेतला चेंडू अडवायला झेपावतात. दारातून डोकावणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदमच वेड लागलं. सुरुवातीला आम्ही खऱ्या सामन्यांचं चित्रण जसंच्या तसं दाखवायचो, तरी तुझ्या जुन्या फुटबॉल संघातल्या मुली कुरकुरायच्या, की हे फार संथ आहे. यंत्र तपासलं, तर ते ठणठणीत. मग कुणाला न सांगता वेग किंचित वाढवला आणि सगळ्या खूश. आता मैदानावर असल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. असं का होतं, ते आम्हाला अजून नीटसं कळलेलं नाही. बहुधा मैदानावरची धाप, गोंगाट, अंगावर येणारे खेळाडू, हे सगळं त्या वेगात मिसळलेलं असतं आणि खोलीत ते नसतं. माझ्यासारखीला, जिनं जन्मात गोल राखला नाही, मूळ वेगच खरा वाटतो.

तू आलीस ती माझ्या हट्टापायी. पिल्लू झाल्यापासून कुणी खेळाबद्दल विचारलं, की तू हसून म्हणतेस, आता कुठे, अंग जड झालं. आई ते ऐकून हसते, मी नाही हसत. परवा तू वेगवेगळ्या वेगांची चित्रणं पाहिलीस आणि एकावर ठामपणे बोट ठेवलंस, "हेच खरं." माझा सहकारी पटकन बोलून गेला, की तो तर वाढवलेला वेग होता. तुझा चेहरा एवढासा झाला. मी काही सांगणार, तोच पिल्लानं भोकाड पसरलं.

ताई, तू चुकली नव्हतीस. रोज सराव करणाऱ्या मुली जो वेग निवडतात, नेमका तोच तू निवडलास. अंगाचं काय, ते माझं यंत्र सांगू शकत नाही. पण तुझ्या नजरेतलं मैदान अजून शाबूत आहे.

काल तुझे कोच मुलींना घेऊन आले होते. त्यांनी आपणहून तुझी चौकशी केली. फार बोलणारे नव्हेत, तुला ठाऊकच आहे. म्हणाले, "शनिवारी सरावाला पाठव तिला. जागा आहे."

तर शनिवारी सकाळी पिल्लाला माझ्याकडे सोड. रडलं तर गाणं म्हणेन, गाणं ऐकून जास्तच रडलं तर दाजींच्या हाती देईन, त्यांना विचारून ठेवलंय. जायचं नसेल तर नको जाऊस, मी रुसणार नाही. पण नजर गेली म्हणून घरी बसू नकोस. ती गेलेली नाही.

तुझीच,
आगाऊ धाकटी